एनम दिसतो तोच, पण तुलना खोटी येते: कुठून शोधायला लागायचं

'एनम' (नावं दिलेल्या ठरावीक किमतींचा संच) हा शब्द जावास्क्रिप्टने १९९७ च्या पहिल्या एक्मास्क्रिप्ट स्टँडर्डपासून राखून ठेवला आहे. प्रत्यक्ष एनम मात्र भाषेत अजून आलेला नाही. त्यामुळे ज्याला टाइप-सेफ एनम (एका एनमची किंमत दुसऱ्या एनमच्या किमतीशी चुकून जुळू न देणारा) हवा तो एखादी हलकी लायब्ररी घेतो, नाहीतर पन्नासेक ओळींत स्वतःच लिहितो. रचना सगळीकडे जवळपास एकच असते. एक पायाभूत क्लास, त्याला एक्स्टेंड करणारा आपला क्लास, आणि स्टॅटिक फील्डमध्ये त्याच क्लासचे ठरावीक ऑब्जेक्ट, म्हणजे एनमचे सदस्य. अ‍ॅक्सेल राउशमायर यांची 'एनमिफाय' याच घाटाची. जावामध्ये २००४ साली, पाचव्या आवृत्तीत एनम आला. त्याआधी जावावाले हाच पॅटर्न हाताने लिहायचे आणि खाली सांगतोय तोच बिघाड त्यांनाही यायचा.

हा बिघाड मी वेगवेगळ्या प्रोजेक्टमध्ये पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. तक्रार दर वेळी वेगळ्या शब्दांत येते, पण मुळाशी गोष्ट एकच निघते. एनमचा प्रत्येक सदस्य संपूर्ण प्रोग्रॅममध्ये एकच असेल, या गृहीतकावर लायब्ररी उभी असते आणि कुठेतरी ते गृहीतक मोडलेलं असतं. ते कुठे मोडलं, एवढंच शोधायचं.

उदाहरणासाठी अर्जांच्या प्रणालीतला एनम घेतो: स्थिती.दाखल, स्थिती.छाननीत, स्थिती.मंजूर, स्थिती.नामंजूर. देवनागरी आयडेंटिफायर जावास्क्रिप्टला चालतात. प्रत्यक्ष प्रोजेक्टमध्ये मात्र नावं रोमन लिपीतच ठेवा, कारण दुसऱ्या तपासणीत येईल.

लक्षणं

- कन्सोलवर दोन्ही बाजूंना 'मंजूर' छापलं जातं, तरी === (काटेकोर तुलना) खोटं येतं.
- स्विचमध्ये चारही केस लिहिलेले असताना दर वेळी डिफॉल्टच चालतो.
- पान पहिल्यांदा उघडल्यावर सगळं ठीक, रिफ्रेश केल्यावर बिघडतं.
- याच्या उलट: फाइल सेव्ह केली की बिघडतं, रिफ्रेश केलं की सुधारतं.
- लोकलवर चालतं, प्रोडक्शन बिल्डमध्ये नाही.
- अ‍ॅप चालतं, फक्त टेस्टमध्ये इन्स्टन्सऑफ (ऑब्जेक्ट त्या क्लासचा आहे का ही तपासणी) खोटं येतं.
- अंडिफाइंडवर 'लेबल' वाचता येत नाही असा टाइपएरर येतो, तोही अधूनमधून.
- जुळायला नको ते जुळतं. मंजूर न झालेला अर्ज मंजूर दिसतो.

शेवटचं लक्षण दिसलं तर क्रम सोडा आणि थेट चौथ्या तपासणीवर जा. बाकीच्या लक्षणांत नुसतं काम अडतं, इथे मात्र चुकीचं काम होऊन जातं.

१. किंमत उघडून बघा

फुकटची आणि अर्ध्या मिनिटाची तपासणी, तरी बहुतेक जण हीच गाळतात. टेम्प्लेट स्ट्रिंगमध्ये घालून किंमत छापली की लायब्ररीचा टू-स्ट्रिंग चालतो. मग खरा सदस्य असो की नुसती स्ट्रिंग, पडद्यावर 'मंजूर'च येतं. त्या छापण्यावर विसंबू नका. तुलनेच्या अगदी आधीच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा आणि कन्सोलमध्ये तीन गोष्टी विचारा: अर्ज.स्थिती चा टाइपऑफ काय, तिचा कन्स्ट्रक्टर === स्थिती आहे का, आणि अर्ज.स्थिती === स्थिती.मंजूर खरं आहे का.

टाइपऑफ 'स्ट्रिंग' किंवा 'नंबर' आला तर किंमत बाहेरून आली आहे आणि कुणी तिचं एनममध्ये रूपांतर केलेलं नाही. दुसरी आणि तिसरी तपासणी करा. 'अंडिफाइंड' आला तर चौथी. 'ऑब्जेक्ट' आला पण कन्स्ट्रक्टर आपला क्लास नाही, तर एकतर तो जेसनमधून (डेटाच्या मजकुरातल्या रूपातून) आलेला साधा ऑब्जेक्ट आहे किंवा क्लासच्याच दोन प्रती लोड झाल्या आहेत: तिसरी, पाचवी, सहावी, सातवी. कन्स्ट्रक्टर आपलाच आहे पण === खोटं आहे, तर कुणीतरी सदस्याची प्रत काढली आहे किंवा त्यावर प्रॉक्सी (वाचणं-लिहिणं मध्येच हाताळणारं आवरण) चढवली आहे: पाचवी.

पुढचा सगळा तपास या तीन उत्तरांवर ठरतो. उत्तरं न घेता कुणी थेट पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करायला बसतो तेव्हा अर्धा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

२. स्ट्रिंग आहे, पण तीच स्ट्रिंग आहे का?

स्विच आणि === दोन्ही काटेकोर तुलना करतात. एचटीएमएलच्या सिलेक्टमधून आलेली किंमत कायम स्ट्रिंग असते आणि यूआरएलच्या पॅरामीटरमधून आलेलीही. त्यामुळे '2' आणि 2 कधीच जुळत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये ठरावीक लांबीचा कॅरेक्टर कॉलम असेल तर किंमत शेवटी स्पेस भरून येते. अक्षरं लहान-मोठी असतील तर तेही इथेच सापडेल. स्ट्रिंगची लांबी छापली की निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास प्रकार आहे. तो डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एनमची किंमत म्हणून थेट मराठी लेबल वापरलं आहे असं समजा: 'अधिकाऱ्याकडे'. त्यातला 'ऱ्य' टाइप करायच्या तीन तऱ्हा आहेत. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड ०९३१), मग हलंत, मग य. दोन, साधा र, हलंत, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, मग य. तीन, साधा र, नुक्ता, हलंत, य. पडद्यावर तिन्ही सारखे दिसू शकतात. पहिल्या तऱ्हेने पूर्ण शब्दाची लांबी १२ येते, उरलेल्या दोन्हींनी १३. एकाने मोबाइलच्या कीबोर्डवर भरलं आणि दुसऱ्याने लॅपटॉपवर कोडमध्ये लिहिलं की तुलना खोटी. ही चूक कोड रिव्ह्यूमध्ये कुणालाही सापडणार नाही, कारण दिसायला दोन्ही शब्द एकच असतात.

नॉर्मलाइझ हा मेथड एनएफसी प्रकाराने चालवला की पहिली आणि तिसरी तऱ्हा एक होतात. दुसरी होत नाही. जॉइनर तसाच राहतो. म्हणून नॉर्मलाइझ लावून सुटकेचा निःश्वास टाकू नका. खरा उपाय साधा आहे: तुलनेसाठीची की वेगळी, ती रोमन अक्षरांतली. लोकांना दिसणारं मराठी लेबल सदस्यावर वेगळ्या फील्डमध्ये. लेबल कधी ना कधी बदलतंच, कुणीतरी 'मंजूर'चं 'मान्य' करायला सांगतं. तेव्हाही हेच वेगळेपण कामी येतं.

३. किंमत कुठली सीमा ओलांडून आली?

मला सापडलेल्या बिघाडांपैकी सर्वांत जास्त इथले आहेत. 'रिफ्रेश केल्यावर बिघडतं' हे लक्षण जवळजवळ नेहमी इथलंच असतं: आधी मेमरीत खरा सदस्य होता, रिफ्रेशनंतर तो लोकलस्टोरेजमधून परत आला.

एनमचा सदस्य जेसन स्ट्रिंगिफायमधून गेला की दोनपैकी एक होतं. क्लासवर टू-जेसन मेथड असेल तर तो जे परत देतो ते लिहिलं जातं, बहुधा की. मेथड नसेल तर सदस्याची आतली फील्डं, म्हणजे नाव, क्रम, लेबल, अशी साध्या ऑब्जेक्टच्या रूपात उतरतात. परत पार्स करताना क्लास कुठला होता हे जेसनला माहीत नसतं. हातात स्ट्रिंग येते किंवा साधा ऑब्जेक्ट येतो, सदस्य कधीच येत नाही. लोकलस्टोरेज फक्त स्ट्रिंगच ठेवतं. वेब वर्करला पाठवलेला किंवा इंडेक्स्डडीबीत ठेवलेला ऑब्जेक्ट स्ट्रक्चर्ड क्लोनने जातो. त्यात प्रोटोटाइप (ऑब्जेक्टची क्लासशी असलेली जोड) गळतो आणि प्रायव्हेट फील्डंही गळतात.

तुमची लायब्ररी सिम्बॉलवर (खूण म्हणून वापरायच्या खास किमतीवर) उभी असेल तर लक्षण वेगळं दिसेल. ऑब्जेक्टमधल्या फील्डची किंमत सिम्बॉल असेल तर जेसन ते फील्ड मुकाट्याने वगळतं. तीच किंमत अ‍ॅरेत असेल तर तिच्या जागी नल येतो. कुठलाही एरर नाही, सर्व्हरकडे स्थितीच जात नाही. वर्करला सिम्बॉल पाठवला तर निदान डेटाक्लोनएरर तरी येतो.

दुरुस्ती दोन टोकांना करायची. बाहेर जाताना पायाभूत क्लासवर टू-जेसन लिहा, तो फक्त की देईल. आत येताना एकच रूपांतर करणारं फंक्शन लिहा, जे कीवरून खरा सदस्य शोधून देईल आणि न सापडल्यास एरर फेकेल. हे फंक्शन एपीआयचं उत्तर जिथे उघडतं तिथेच बोलवा. कंपोनंटमध्ये जागोजागी नको. जागोजागी टाकलं की कुठेतरी राहतंच, आणि राहिलेलं तेवढं एक ठिकाण पुन्हा तुम्हालाच शोधावं लागतं.

बरेच जण इथे सोपी वाट धरतात: ऑब्जेक्टऐवजी सगळीकडे दोन्हींच्या की ची तुलना करायची. चालतं, पण मग लायब्ररी कशासाठी घेतली होती? रजांच्या दुसऱ्या एनममधला रजा.मंजूर आणि स्थिती.मंजूर यांची की एकच असेल तर ते जुळतात. ते जुळू नयेत यासाठीच तर टाइप-सेफ एनम आणला होता. जावातही सिरियलाइझ केलेला सदस्य परत वाचला की नवा ऑब्जेक्ट बनायचा. तिथे रीड-रिझॉल्व्ह नावाचा मेथड लिहून जुना सदस्य परत द्यावा लागायचा. आपलं रूपांतराचं फंक्शन म्हणजे तेच.

अनोळखी की आली तर काय करायचं, हे मात्र विचार करून ठरवा. सर्व्हरवर 'परत पाठवला' ही नवी स्थिती आधी चढते, ब्राउझरमधला कोड जुना असतो. तेव्हा एरर फेकला तर पूर्ण यादीच कोसळते. माझं मत असं: यादी दाखवताना अनोळखी सदस्य दाखवा आणि मूळ स्ट्रिंग त्याच्याजवळ जपून ठेवा. निर्णय घेताना किंवा सेव्ह करताना मात्र एरर फेका. अनोळखी स्थितीचं गुपचूप 'दाखल' करून सेव्ह करणं हा सर्वांत वाईट पर्याय, कारण त्यात मूळ माहितीच पुसली जाते.

टाइपस्क्रिप्ट वापरणारे इथे हमखास विचारतात, 'कंपायलरने पकडलं कसं नाही?' एपीआयच्या उत्तरापुढे 'अ‍ॅज अर्ज' लिहिलेलं असतं, म्हणून. 'अ‍ॅज' काहीही तपासत नाही. तुम्ही सांगता, कंपायलर मानतो, आणि चालवताना टाइप उरतच नाहीत. प्रोजेक्टमध्ये 'अ‍ॅज' शोधा. एपीआयजवळचा प्रत्येक वापर संशयित समजा.

४. तो सदस्य खरंच आहे का?

स्थिती.मंजुर. दुसऱ्या अक्षराचा उकार ऱ्हस्व. असा सदस्य नाही, म्हणून उत्तर अंडिफाइंड, आणि जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही. एरवी याचा परिणाम 'कधीच जुळत नाही' एवढाच. पण एपीआयच्या उत्तरात स्थिती हे फील्डच आलं नाही असं समजा. आता अर्ज.स्थिती अंडिफाइंड, स्थिती.मंजुर अंडिफाइंड, आणि अंडिफाइंड === अंडिफाइंड हे खरं. ज्या अर्जाची स्थितीच माहीत नाही तो मंजूर ठरला. 'जुळायला नको ते जुळतं' याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

ऑब्जेक्ट फ्रीझ (बदलता येणार नाही असा) केला आहे ना, मग काय काळजी, असं कुणी म्हणेल. २००९ च्या पाचव्या एक्मास्क्रिप्टपासूनचं फ्रीझ लिहिणं अडवतं, वाचणं नाही. तेही फक्त वरच्या पातळीवर. सदस्यांच्या आतली फील्डं मोकळीच राहतात, त्यामुळे प्रत्येक सदस्यही फ्रीझ करावा लागतो. शिवाय स्ट्रिक्ट मोड नसेल तर लिहिण्याचा प्रयत्न आवाज न करता वाया जातो. ईएस मॉड्यूलमध्ये आणि क्लासच्या आत स्ट्रिक्ट मोड आपोआप असतो.

स्वस्त उपाय म्हणजे टाइप तपासणी. टाइपस्क्रिप्ट नको असेल तर साध्या जावास्क्रिप्ट फाइलच्या वर टीएस-चेकची कमेंट टाका, एडिटर लगेच लाल रेघ दाखवेल. दुसरा उपाय म्हणजे एनमच्या क्लासवर अशी प्रॉक्सी, जी नसलेलं नाव वाचल्यावर एरर फेकते. चांगला उपाय आहे, पण काही वाचनं सोडून द्यावी लागतात. असिंक फंक्शनमधून ऑब्जेक्ट परत दिला की इंजिन त्यावर 'देन' आहे का हे वाचून बघतं, जेसन 'टू-जेसन' वाचतं, कन्सोल काही सिम्बॉल वाचतो. ही वाचनं अडवलीत तर नव्याच ठिकाणी एरर येऊ लागतील.

याच तपासणीत आणखी एक बघा. एनमिफायमध्ये सदस्यांच्या खाली एनम बंद करणारी एक स्टॅटिक ओळ लागते, तीच सदस्यांना त्यांची नावं देते. स्टॅटिक फील्डं वरून खाली चालतात. नवीन आलेल्या कुणी या ओळीच्या खाली पाचवा सदस्य जोडला, तर फक्त तोच बिननावाचा राहतो. चार चालतात, पाचवा नाही, आणि सगळे पाचव्याच्या स्पेलिंगकडे बघत बसतात.

५. कुणी प्रत काढली का?

आधारकार्डाच्या झेरॉक्सवर सगळा मजकूर बरोबर असतो, पण 'मूळ प्रत दाखवा' म्हटल्यावर ती चालत नाही. === मूळ प्रतच मागतं.

तीन ठिकाणी बघा. स्टेट बदलताना सदस्यावरच स्प्रेड (फील्डं नव्या ऑब्जेक्टमध्ये उतरवणारी तीन टिंबं) वापरला असेल तर साधा ऑब्जेक्ट मिळतो, प्रोटोटाइप जातो. लोडॅशचा क्लोन-डीप प्रोटोटाइप राखतो, म्हणून तो जास्त फसवतो: इन्स्टन्सऑफ खरं, लेबल बरोबर, तरी === खोटं. आणि व्ह्यू ३ या फ्रेमवर्कमध्ये रिअ‍ॅक्टिव्ह ऑब्जेक्टमधून सदस्य वाचला की मूळ ऑब्जेक्ट मिळत नाही, त्यावरची प्रॉक्सी मिळते. सदस्यात प्रायव्हेट फील्ड असेल तर त्या प्रॉक्सीमधून मेथड बोलावल्यावर टाइपएररच येतो.

व्ह्यूचा इलाज एका ओळीचा आहे: कन्स्ट्रक्टरच्या शेवटी प्रत्येक सदस्य फ्रीझ करा. एक्स्टेंड न होणाऱ्या ऑब्जेक्टवर व्ह्यू ३ प्रॉक्सी चढवतच नाही. फक्त नावं नंतर देणारी लायब्ररी असेल तर कन्स्ट्रक्टरमध्ये नको, नावं मिळाल्यानंतर फ्रीझ करा, नाहीतर नाव लिहितानाच एरर येईल.

रीडक्स टूलकिट स्टोअरमध्ये क्लासचा ऑब्जेक्ट दिसला की डेव्हलपमेंटमध्ये इशारा देतं. तो बंद करू नका. स्टोअरमध्ये की ठेवा, वाचताना सदस्य करा.

६. हॉट रिलोड आणि टेस्ट

सेव्ह केल्यावर बिघडून रिफ्रेशने सुधारत असेल तर हॉट रिलोडने (पान रिफ्रेश न करता बदललेला कोड चढवण्याच्या सोयीने) एनमची फाइल पुन्हा चालवली आहे. नवा क्लास, नवे सदस्य, स्टेटमध्ये मात्र जुने. प्रोडक्शनवर याचा परिणाम नाही. एनमची फाइल वेगळी ठेवा, तिच्यात दुसरं काही नको, म्हणजे ती क्वचितच पुन्हा चालेल. टेस्टमध्ये मॉड्यूल रीसेट करणारा कॉल दोन इम्पोर्टच्या मध्ये असेल तर हेच घडतं.

७. लायब्ररीच्या दोन प्रती

इथून पुढे वेळ लागतो. टर्मिनलमध्ये 'एनपीएम एलएस' आणि पुढे लायब्ररीचं नाव द्या. एकाहून जास्त आवृत्त्या दिसल्या तर पायाभूत क्लासही तितकेच आहेत, आणि एका प्रतीतला सदस्य दुसऱ्या प्रतीच्या इन्स्टन्सऑफला ओळखू येत नाही.

छोट्या लायब्ररींच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण त्या बरीच वर्षं शून्याच्या आवृत्तीत असतात. एनपीएममध्ये ^१.४.० लिहिलं तर १.५ चालते. पण ^०.४.० लिहिलं तर ०.५ चालत नाही. तुमचं अ‍ॅप ०.५ मागतं आणि तुमचंच सामायिक पॅकेज ०.४ मागतं, तर एनपीएम दोन्ही इन्स्टॉल करणार. डीड्यूप (दुहेरी पॅकेजं काढणारी आज्ञा) कितीही वेळा चालवा, उपयोग नाही. दोन्हीकडे एकच आवृत्ती मागा, आणि सामायिक पॅकेजमध्ये लायब्ररी पीअर डिपेंडन्सी (वापरणाऱ्यानेच पुरवायचं पॅकेज) म्हणून लिहा.

आवृत्ती एकच दिसली तरी प्रती दोन असू शकतात. लायब्ररी कॉमनजेएस (नोडची जुनी मॉड्यूल पद्धत) आणि ईएस मॉड्यूल (भाषेची स्वतःची) अशा दोन्ही रूपांत येत असेल, आणि एका ठिकाणी रिक्वायरने, दुसऱ्या ठिकाणी इम्पोर्टने आली असेल, तर नोड दोन वेगळ्या फाइली चालवतो. पायाभूत क्लासच्या मॉड्यूलमध्ये तात्पुरती एक कन्सोल ओळ टाकून बघा. ती दोनदा छापली गेली की खात्री झाली. आयफ्रेमच्या बाबतीतही असंच, तिथला प्रत्येक क्लास वेगळा.

काही लायब्ररी इन्स्टन्सऑफऐवजी सिम्बॉल-फॉरने घेतलेली खूण सदस्यावर ठेवतात. ही खूण सर्व प्रतींत एकच असते, त्यामुळे 'हा एनमचा सदस्य आहे का' याचं उत्तर बरोबर येतं. 'हा तोच सदस्य आहे का' हा प्रश्न मात्र उरतोच, कारण तुमची स्वतःची एनम फाइल दोनदा चालली असेल तर सदस्य दोनच.

८. वर्तुळाकार इम्पोर्ट

एनमची फाइल एखादं युटिलिटी मॉड्यूल आणते आणि ते मॉड्यूल परत एनम आणतं. ईएस मॉड्यूलमध्ये 'इनिशियलाइझ होण्याआधी वापरता येत नाही' असा रेफरन्सएरर येतो, निदान ओरडून सांगतो. कॉमनजेएसमध्ये अर्धवट भरलेला एक्स्पोर्ट मिळतो आणि सदस्य अंडिफाइंड निघतो. कुठली फाइल आधी लोड झाली यावर सगळं अवलंबून, म्हणून लक्षण 'अधूनमधून' दिसतं. एनमच्या फाइलने लायब्ररीखेरीज काहीच इम्पोर्ट करू नये, हा नियम पाळलात की प्रश्नच मिटतो.

९. फक्त प्रोडक्शन बिल्डमध्ये

लायब्ररी क्लासचं नाव कन्स्ट्रक्टरच्या 'नेम'वरून घेत असेल आणि 'स्थिती:मंजूर' अशी की बनवत असेल, तर मिनिफायरने (कोड आकाराने लहान करणाऱ्या साधनाने) क्लासचं नाव एका अक्षराचं केलं की की बदलते. पुढच्या बिल्डमध्ये ते अक्षरही बदलू शकतं. आज सेव्ह केलेलं उद्या वाचता येत नाही. टर्सर या मिनिफायरला क्लासची नावं राखायला सांगणारा पर्याय आहे, ईएसबिल्डमध्येही नावं राखण्याचा आहे. तो तात्पुरता लावा, पण टिकाऊ दुरुस्ती म्हणून एनमचं नाव कोडमध्ये स्ट्रिंग म्हणून स्पष्ट लिहा. जे नाव डेटाबेसमध्ये जाणार ते मिनिफायरच्या हातात ठेवू नये.

लायब्ररी लागतेच का?

इतक्या तपासण्या लिहिल्यावर हे सांगणं माझं कर्तव्य आहे. सदस्यांवर स्वतःचे मेथड नसतील, नुसत्या ठरावीक किमती हव्या असतील, तर स्ट्रिंगच्या किमतींचा फ्रीझ केलेला ऑब्जेक्ट आणि टाइपस्क्रिप्ट ३.४ पासूनचं 'अ‍ॅज कॉन्स्ट' पुरतं. स्ट्रिंगची तुलना किमतीवर होते, त्यामुळे पाचवी, सहावी आणि सातवी तपासणी लागूच होत नाही. टाइपस्क्रिप्टचा स्वतःचा एनम मी आता नव्या कोडमध्ये घेत नाही. अंकांच्या एनममध्ये उलटं मॅपिंगही साठतं, चार सदस्यांच्या किमती मागितल्या तर आठ येतात. नोड २३.६ पासून टाइपस्क्रिप्ट फाइल थेट चालवता येते, पण ती सोय फक्त टाइप पुसते, एनम तिला चालत नाही. मात्र 'या स्थितीतून पुढे कुठल्या स्थितीत जाता येतं' असे नियम सदस्यांवरच ठेवायचे असतील, तर क्लासवाली लायब्ररी घ्या. तिथे तिला तोड नाही.

कधी थांबायचं

चुकीची स्थिती डेटाबेसमध्ये सेव्ह झाली असेल तर कोड दुरुस्त करा, पण डेटा स्वतः दुरुस्त करू नका. कुणाचे पैसे, रजा, प्रवेश किंवा परवानगी त्या स्थितीवर अवलंबून असेल तर घाईत चालवलेली अपडेट क्वेरी बिघाडापेक्षा महाग पडते. खरोखर मंजूर झालेले आणि चुकून मंजूर ठरलेले अर्ज एकाच किमतीचे दिसतात. ते वेगळे करायला लॉग आणि बॅकअप लागतात. डेटाबेस सांभाळणाऱ्याला बोलवा.

अंडिफाइंड जुळल्यामुळे कुणाला नको ती परवानगी मिळाली असेल तर तो सुरक्षेचा प्रश्न आहे. त्याच दिवशी सुरक्षा बघणाऱ्या व्यक्तीला कळवा. नुसता पॅच चढवून गप्प बसू नका.

दोन प्रतींपैकी एक दुसऱ्या टीमच्या बंडलमध्ये किंवा विकत घेतलेल्या विजेटमध्ये असेल तर तुमच्या बाजूने उपाय नाही. नोड मॉड्यूल्समधली फाइल हाताने बदलून काम भागवू नका, पुढच्या इन्स्टॉलला ती जाते. बिल्ड सांभाळणाऱ्यांकडे जा. आणि आवृत्ती एक, प्रत एक, प्रॉक्सी नाही, सीमा नाही, तरी === खोटं येत असेल, तर लायब्ररीच्या मेंटेनरला लिहा.

कुणाकडेही जाताना एवढं सोबत न्या: पहिल्या तपासणीची तीन उत्तरं जशीच्या तशी, एनपीएम एलएसचं आउटपुट, नोडची आणि बंडलरची आवृत्ती, आणि बिघाड दाखवणारी लहानात लहान फाइल. त्या फाइलमध्ये एक एनम, दोन सदस्य आणि एक तुलना पुरे. ती करताना बिघाड नाहीसा झाला, तर शेवटी जी ओळ काढलीत तीच परत टाकून बघा.